उलांडीवरून पृथ्वीप्रदक्षिणा

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांनी एका कडेस दोन वाकड्या दांड्या पुढे काढून त्यांच्या टोकांना लाकडाचा लांबट ओंडका बांधलेली अरुंद होडी पाहिलेली असेलच. ह्या ओंडक्यास तिकडे उलांडी म्हणतात. होडी इतकी अरुंद की तिच्यात दोन माणसांना शेजारी शेजारी बसणे कठीण. तिच्या तळाशी दगडाचे किंवा शिशाचे नीरम नाही. आणि तरीही ती बिनदिक्कत समुद्रात जाते, जाळे ओढताना माणसे एकाच कडेला झुकली तरी कलंडत नाही. तळाशी काहीही भार नसलेली ही सडपातळ होडी पाण्यावर सरळ उभी राहते तरी कशाच्या आधाराने, हा प्रश्न ती पाहणाऱ्याच्या मनात केव्हा ना केव्हा येऊन गेलेला असतो.

कोकणातल्या तांडेलांना ह्या प्रश्नाचे उत्तर पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे, आणि प्रशांत महासागरातील दर्यावर्दींनी तर त्याच उत्तराच्या बळावर हजारो मैलांचा समुद्र ओलांडून नव्या नव्या बेटांवर वस्ती केली. आधुनिक काळात ह्या जुन्या युक्तीला कार्बनच्या तंतूंची व हवामानशास्त्राची जोड मिळून ट्रायमरान ही नौका सिद्ध झाली आहे : मधे एक मुख्य नौका आणि दोन्ही बाजूंस एकेक प्रचंड उलांडी. 16 डिसेंबर 2016 रोजी फ्रान्सिस ज्वायों हा फ्रेंच दर्यावर्दी पाच सोबत्यांसह ‘इडेक स्पोर्ट’ नावाच्या ट्रायमरानवरून निघाला, आणि केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचे ल्यूविन भूशिर व केप हॉर्न ही तिन्ही टोके डाव्या हातास ठेवून, कोणत्याही बंदरात न थांबता व वाटेत कोणाची मदत न घेता, 40 दिवस 23 तास 30 मिनिटे व 30 सेकंदांत पृथ्वीला वळसा घालून परतला. प्रत्यक्ष कापलेले अंतर 26,412 सागरी मैल भरले. सरासरी वेग 26.85 नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ 50 किलोमीटर. आणि ही सरासरी रात्र, धुके, पडलेला वारा आणि वादळ ह्या सर्वांचा हिशेब धरून निघालेली आहे.

अशा नौकेचा वेग वर्तमानपत्रांतून गाजतो. त्या वेगाच्या पोटात सहा माणसे चाळीस दिवस काय खातात, कोठे आणि किती वेळ निजतात, ह्याची वार्ता मात्र फारशी कोणी देत नाही, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. त्या जीवनाचा तपशील नीट पाहू लागले की त्यातली प्रत्येक बाब, मग ती ताटातली असो वा अंथरुणातली, एकाच गोष्टीच्या हुकमतीखाली आहे असे आढळून येते. ती गोष्ट म्हणजे वजन.

रुंदीचा आधार

शिडाच्या कोणत्याही नौकेला वारा नुसता पुढे ढकलीत नाही. तो तिला आडवी पाडण्याचाही यत्न करीत असतो. एकाच कायेची साधी नौका ह्या यत्नाला तळाशी लोंबणाऱ्या जड पात्याने उत्तर देते. शीड एका बाजूस झुकले की पाण्याखालचे शिसे दुसऱ्या बाजूस वर उचलले जाते आणि स्वतःच्या भाराने नौकेला पुन्हा उभी करते. गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, आणि जिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे ह्यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ह्याच जातीची. तिची लांबी सुमारे 17 मीटर आणि वजन सुमारे 23 टन. आता ‘इडेक स्पोर्ट’ पाहा : लांबी 31.5 मीटर, रुंदी 22.5 मीटर, आणि वजन सुमारे 18 टन. लांबीत जवळजवळ दुप्पट असलेली नौका वजनात कमी भरते, ह्याचे कारण ती आपला तोल तळाच्या भाराने राखीतच नाही, रुंदीने राखते.

घरातल्या चौरंगाचे उदाहरण घ्यावे. त्याचे पाय दूर दूर असतात म्हणून एका कडेला धरून तो कलंडविण्यास बरेच बळ लागते, मग तो वजनाने हलका का असेना. ट्रायमरानचे तसेच आहे. वारा शिडावर रेटा देतो तेव्हा वाऱ्यापलीकडची उलांडी पाण्यात दाबली जाते. ती पोकळ असल्यामुळे पाणी तिला वर लोटते. अलीकडची उलांडी पाण्याबाहेर येते, आणि मधल्या नौकेचे सारे वजन त्या दाबल्या गेलेल्या उलांडीपासून सुमारे 11 मीटर अंतरावरून खाली ओढत राहते. लांब दांड्याच्या तरफेने थोड्या बळात मोठा धोंडा उचलावा त्याच नियमाने येथे थोडे वजन दूर अंतरावरून मोठ्या वाऱ्याशी बरोबरी करते. मात्र चौरंगाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. तो एका मर्यादेपलीकडे उचलला गेला की त्याचा प्रतिकार वाढण्याऐवजी घटत जातो, आणि एकदा पालथा पडला म्हणजे तो पालथाही तितकाच भक्कम बसतो. शिशाच्या पात्याची नौका उलटली तर बहुधा आपण होऊन सरळ होते. ट्रायमरान उलटली ती उलटलीच. तिच्यावरील माणसांच्या झोपेपासून दोर ओढण्याच्या हातमोज्यांपर्यंत सर्व व्यवस्था ही एक गोष्ट गृहीत धरून केलेली असते.

लाटेची बेडी

पाण्यातून जाणारी प्रत्येक नौका स्वतःच एक लाट उत्पन्न करते आणि बहुतेक नौका त्या लाटेतच अडकतात. नौकेचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, पाणी बाजूला सारते तेथे एक उंचवटा होतो, मागे दुसरा होतो. वेग वाढत जातो तसे ह्या दोन उंचवट्यांतील अंतर वाढते, आणि ते नौकेच्या लांबीइतके झाले की नौका आपल्याच दोन लाटांमधल्या खोलगटात बसते. त्यापुढे वेग वाढवायचा म्हणजे समोरच्या लाटेवर चढून जायचे, आणि जड नौकेला तो चढ परवडत नाही. 31.5 मीटर लांबीच्या साधारण नौकेची ही मर्यादा 13 ते 14 नॉटांच्या आसपास पडते.

पण नौकेची काया अत्यंत अरुंद व हलकी असेल तर ती पाण्याचा इतका थोडा भाग बाजूस सारते की तिची लाट जेमतेम उठते आणि बेडी म्हणून ती उरत नाही. अरुंद काया एकटी उभी राहू शकत नाही. उलांडी असेल तरच राहते. रुंदी तोल देते, तोलामुळे शिशाची गरज संपते, शिसे गेल्याने वजन उतरते, आणि वजन उतरल्याने लाटेची बेडी तुटते. ही साखळी ज्याच्या ध्यानात आली त्याला, खलाशाने आपल्याबरोबर दुसरा सदरा न्यावा की नाही ह्यावर किनाऱ्यावर इतका खल का होतो, ते निराळे सांगावे लागत नाही.

वारा सदैव समोरून

ह्या वेगाचा पहिला परिणाम असा की नौकेवर वारा नेहमी पुढून वाहतो. समजा, खरा वारा 25 नॉटांनी मागच्या अंगाने तिरका येत आहे. नौका थांबलेली असती तर तो खलाशाच्या पाठीला लागला असता. पण ती 30 नॉटांनी धावू लागली म्हणजे तिच्या स्वतःच्या धावण्याचा एक वारा समोरून उत्पन्न होतो, आणि खऱ्या वाऱ्यात तो मिसळून जो तिसरा वारा तयार होतो तो पुढच्या अंगाने, सुमारे तेवढ्याच जोराने, तोंडावर आदळतो. ह्यालाच भासमान वारा म्हणतात. शीड ह्या भासमान वाऱ्यावरच चालते. नौकेला मूळ वाऱ्यापेक्षा अधिक वेगाने जाता येते ते ह्याच कारणाने.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा मोठा रम्य प्रकार आहे. सुकाण्याच्या दृष्टीने मात्र तो एक अखंड मारा आहे. नाळेने फोडलेले पाणी हवेत उडते, आणि ताशी 55 किलोमीटरांनी त्याच्यावर धावून जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ते खड्यांसारखे बसते. म्हणून डोळ्यांवर गॉगल, कित्येकदा पुढे काच असलेले शिरस्त्राण, आणि गळ्याशी व मनगटाशी रबराने घट्ट आवळलेला अंगरखा असा सरंजाम चढवूनच सुकाणूवर उभे राहावे लागते. रात्री चंद्र नसेल तर पुढची लाट दिसत नाही; समोरच्या आकड्यांवर, पायांखालच्या थरथरीवर आणि एका गालाला वारा किती लागतो त्यावर सुकाणू धरावे लागते. शेजारी दुसरा माणूस शिडाच्या दोराजवळ बसलेला असतो, आणि त्याचे काम एकच : झोत आला आणि नौका प्रमाणाबाहेर उचलली गेली तर काही क्षणांच्या आत दोर सैल सोडणे. तो बहुतेक वेळ काहीच करीत नाही असे दिसते. सर्व सहा जणांचे प्राण त्या न करण्यावर विसंबून असतात.

चौकट : एका नौकेचे चरित्र

‘इडेक स्पोर्ट’ हे ह्या नौकेचे पहिले नाव नव्हे. 2006 मध्ये ती ‘ग्रुपामा 3’ म्हणून पाण्यात उतरली. फेब्रुवारी 2008 मध्ये फ्रांक कामास हा नायक असताना न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाजवळ तिची एक उलांडी मोडली, ती उलटली, आणि वरील दहाही जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. दुरुस्त होऊन 2010 मध्ये तिने 48 दिवस 7 तास 44 मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून ज्यूल व्हर्न करंडक जिंकला. 2010, 2014 व 2018 ह्या तिन्ही वर्षी एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची ‘रूट द्यू ऱ्हम’ ही शर्यत ह्याच नौकेने, तीन निरनिराळ्या नावांनी व तीन निरनिराळ्या नायकांच्या हाताखाली, जिंकली : कामास, लोईक पेरों आणि ज्वायों. ज्यूल व्हर्न करंडकाची रेषा फ्रान्सजवळचे वेसां बेट आणि इंग्लंडचे लिझर्ड भूशिर ह्यांच्या दरम्यान आखलेली आहे. 1993 मध्ये ब्रूनो पेरोंने दोन कायांच्या कॅटमरानवरून 79 दिवसांत फेरी पुरी केली तेव्हा ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतली ऐंशी दिवसांची मुदत शिडाच्या नौकेने प्रथमच पाळली.

तोलून घेतलेला शिधा

कामासच्या वेळी ह्या नौकेवर दहा माणसे होती. ज्वायोंने सहाच घेतली. हा निर्णय नीट समजून घेण्याजोगा आहे. एक माणूस कमी म्हणजे केवळ त्याचा देह कमी नव्हे. त्याचे कपडे, त्याचा बिछाना आणि त्याचे चाळीस-पन्नास दिवसांचे अन्नही कमी. प्रत्येक माणसामागे सव्वाशे ते दीडशे किलो भार सहज वाचतो. चौघांमागे अर्धा टन. पण शिडे तेवढीच राहतात, त्यांचे क्षेत्रफळ शेकडो चौरस मीटर असते, आणि ती चढविण्या-उतरविण्याचे श्रम आता दहाऐवजी सहांच्या बाहूंवर पडतात. वजनाने दिलेली सवलत स्नायूंकडून वसूल केली जाते.

असे श्रम करणाऱ्या माणसाला, त्यातही थंड प्रदेशात, दिवसाला 4,000 ते 5,000 कॅलरी लागतात. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट. एवढे अन्न शिजवलेल्या स्वरूपात नेणे अशक्य, कारण भात, कालवण, मांस ह्यांच्या वजनाचा मोठा हिस्सा पाण्याचाच असतो. म्हणून ते पाणी किनाऱ्यावरच काढून घेतात, आणि त्याची रीत मोठी कौतुकास्पद आहे. अन्न शिजवून प्रथम कडक गोठवतात. मग ते निर्वात पात्रात ठेवून हळूहळू ऊब देतात. हवेचा दाब नाहीसा झाल्यामुळे त्यातील बर्फ वितळून पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जाते. साध्या वाळवणात पदार्थ आक्रसतो व चामट होतो. येथे बर्फाचे कण होते तेथे सूक्ष्म पोकळ्या राहतात, पदार्थाचा आकार कायम राहतो, आणि पुढे उकळते पाणी घातले की त्याच पोकळ्यांत शिरून ते दहा मिनिटांत त्याला पूर्ववत मऊ करते. नौकेवर स्वयंपाकघर म्हणजे एक लहानसा गॅस आणि त्यावर अडकवून बसविलेले भांडे. प्रत्येक दिवसाचा शिधा वेगळ्या पिशवीत बांधून तारीखवार लावलेला असतो, म्हणजे विसाव्या दिवशी चाळिसाव्या दिवसाच्या चॉकलेटवर कोणी हात टाकणार नाही आणि पिशव्या संपत गेल्या की नौका कितीने हलकी झाली त्याचा हिशेबही राहील.

पण उकळायला पाणी हवे, आणि पाणी तर सर्वांत जड. माणशी दिवसाला चार लिटर धरले तरी सहा माणसांचे चाळीस दिवसांचे पाणी 960 किलो, म्हणजे जवळजवळ एक टन होते. एवढा भार अठरा टनांच्या नौकेवर कोणी घेऊ देणार नाही. म्हणून पाणी वाटेतच समुद्रातून करून घेतात. पातळ पडद्याच्या एका बाजूस खारे पाणी ठेवून त्यावर प्रचंड दाब दिला की पाण्याचे कण पडद्यातून पलीकडे झिरपतात आणि क्षाराचे कण अलीकडेच राहतात. निसर्गतः पाण्याचा ओढा उलट, म्हणजे गोड्याकडून खाऱ्याकडे असतो. तो ओढा मोडून काढण्यासच हवेच्या दाबाच्या सुमारे 27 पट दाब लागतो, आणि प्रत्यक्ष काम होण्यासाठी त्याच्या दुप्पट. ह्या यंत्राला वीज लागते, विजेला इंधन लागते, इंधनाला वजन असते. ज्वायोंने 2007-08 मध्ये एकट्याने 57 दिवसांत प्रदक्षिणा केली तेव्हा त्याने इंधनाचा हा दुवाच काढून टाकला होता आणि सौरपट्ट्या व पवनचक्की ह्यांवर विजेचा कारभार चालविला होता. हा विचार मला त्याच्या वेगाइतकाच थोर वाटतो.

गोडे पाणी असे मोजून मिळत असल्यामुळे ते अंगाला लावण्याची चैन नाही. स्नान होते ते विषुववृत्ताजवळच्या पावसात. शौचाला बादली. ह्यात हसण्यासारखे काही नाही. संडासाची बैठक, नळ आणि टाकी ह्यांचे वजन वाचवण्याची ती तजवीज आहे. खाऱ्या पाण्याने भिजलेला कपडा सुकला असे वाटले तरी त्यातले मिठाचे कण हवेतली ओल शोषून घेत राहतात, म्हणून तो कधीच पुरता सुकत नाही. ओलसर खरबरीत कापडाखाली कातडी घासून फोड येतात आणि बोटांवरच्या लहानशा चिरा आठवडेच्या आठवडे भरून येत नाहीत. मधल्या नौकेच्या आत कोरडे राहील म्हणावे तर तिथेही निश्वासाची वाफ थंड कार्बनच्या भिंतीवर जमून थेंबाथेंबाने अंथरुणावर पडत असते.

पाय पुढे करून झोप

मोठ्या चमूच्या नौकांवर झोपेच्या पाळ्यांचा शिरस्ता असा असतो. 2011-12 मध्ये लोईक पेरोंने ‘बांक पॉप्युलेर 5’ ह्या 40 मीटर लांबीच्या ट्रायमरानवरून 45 दिवस 13 तासांत प्रदक्षिणा केली तेव्हा तिच्यावर चौदा जण होते. नायक व मार्गदर्शक हे दोघे पाळ्यांबाहेर. उरलेल्या बारांच्या चार-चारांच्या तीन तुकड्या. एक तुकडी चार तास वर कामावर, दुसरी आत, पण अंगरखा व बूट न काढता, हाक आली की धावण्याच्या तयारीत, तिसरी झोपेत. दर चार तासांनी चक्र एक घर पुढे सरकते. एकाच बिछान्यावर एक उठला की दुसरा निजतो, कारण माणसागणिक बिछाने नेणे म्हणजे पुन्हा वजन. सहाच माणसे असली की ही गणिते आणखी आवळावी लागतात.

बिछान्यावर निजायचे तेही पाय नाळेकडे व डोके मागे करूनच. ह्याचे कारण भौतिक आहे. जड नौका लाटेवर संथपणे डोलते. हलकी नौका डोलत नाही, तिला हिसके बसतात. तिसाहून अधिक नॉटांनी जाताना तिची नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत घुसली तर क्षणार्धात वेग निम्म्यावर येतो. नौका मंदावते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. डोके पुढे असेल तर मान मोडावी. पाय पुढे असतील तर गुडघे वाकून धक्का सोसता येतो. आतून चालणेही असेच : एक हात सदैव कशाला तरी धरलेला, आणि बहुतेक वेळ रांगतच. परिणामी बाहूंना व पाठीला अतोनात श्रम पडतात आणि पायांना चालण्याचे काम जवळजवळ नाहीच; किनाऱ्यावर उतरलेल्या खलाशाचे पाय आठवड्यांच्या बैठकीने बारीक झालेले असतात.

आवाजाचा त्रास ह्यांहून मोठा. पातळ, ताठ व पोकळ अशी कार्बनची भिंत पाण्याचा प्रत्येक तडाखा आत वाढवून आणते; पाण्याखालची पाती विशिष्ट वेगाला शीळ घालू लागतात; दोर ताणले की कर्कश करकरतात. कानांत बोळे घालून निजणारेही सांगतात की झोपेतून जाग येते ती आवाज वाढल्याने कमी आणि बदलल्याने अधिक. नौकेचा नेहमीचा गोंगाट मेंदूने एकदा स्वीकारला की त्यातला अल्पसा फरकही त्याला धोक्याची सूचना वाटते. निसर्गाने रानात राहणाऱ्या माणसाला दिलेली ही जागरूकता समुद्रावरही चोख कामी येते, हे पाहून मन भरून येते.

एकट्याने जाणाऱ्याची अवस्था निराळीच. 2004-05 मध्ये एलन मॅकआर्थर ह्या इंग्रज तरुणीने 75 फुटी ट्रायमरानवरून एकटीने 71 दिवस 14 तासांत प्रदक्षिणा करून त्या वेळचा उच्चांक मोडला. अशा दर्यावर्दीला सलग झोप मिळतच नाही. ती दिवसभरात लहान लहान डुलक्यांनी वसूल करावी लागते. झोपेचे एक पूर्ण आवर्तन सुमारे दीड तासाचे असते व त्यातली गाढ अवस्था सुरुवातीच्या अर्ध्या तासानंतर घट्ट होत जाते. त्या अवस्थेतून एकाएकी उठवलेल्या माणसाला काही मिनिटे दिशा, दोर, आकडे काहीच उमगत नाही. एकट्या माणसाला ही काही मिनिटेही प्राणघातक. म्हणून एक तर वीसेक मिनिटांत, गाढ झोप लागण्यापूर्वीच उठायचे, नाही तर वारा स्थिर असेल तेव्हा पुरा दीड तास साधायचा, असा हिशेब तिने व तिच्यासारख्यांनी तज्ज्ञांच्या मदतीने बसविला. बऱ्याच नौकांवर आता असे यंत्रही असते की नौका ठरावीक कोनापलीकडे कलली तर ते शिडाचा दोर आपण होऊन सोडते. त्या यंत्राच्या भरवशावर निजण्यासाठी देखील मोठे मनोबल लागते.

लहान होत जाणारे दिवस

ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत पूर्वेकडे प्रवास करणाऱ्या फिलिअस फॉगला शेवटी एक दिवस फुकट मिळतो, हे पुष्कळांना आठवत असेल. त्या दिवसाची किंमत ह्या खलाशांचा देह रोज हप्त्याहप्त्याने चुकती करतो. 50 अंश दक्षिण अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे साडेअडतीस सागरी मैल. नौका तिथे दिवसाला 800 मैल पूर्वेस गेली तर 20 अंशांहून अधिक ओलांडते, आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे ह्या हिशेबाने सूर्य रोज सुमारे एक तास वीस मिनिटे लवकर उगवतो. तेथला दिवस जवळजवळ पावणेतेवीस तासांचाच होतो. माणसाच्या शरीरातले घड्याळ मात्र चोवीस तासांहून किंचित सैल चालते; उशिरा निजणे त्याला सोपे जाते, लवकर निजणे अवघड. म्हणून नौकेवरची घड्याळे ग्रिनिचच्या वेळेवर ठेवतात आणि जेवण-झोप पाळीप्रमाणे चालते. सूर्य कोठे आहे ह्याचा पाळीशी संबंध उरत नाही.

ऋतूंचीही अशीच घाई. डिसेंबरच्या गारठ्यात फ्रान्सहून निघालेली ‘इडेक स्पोर्ट’ सहा दिवसांच्या आत विषुववृत्तावर होती, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा हिमनगांच्या प्रदेशात. देहाला उष्णतेची किंवा थंडीची सवय लागायला जो अवधी लागतो तो ह्या वेगात मिळतच नाही.

वादळाच्या पुढे पुढे

इतके सोसून वेग राखण्यामागे केवळ उच्चांकाचा हव्यास आहे असे कोणी म्हणेल. वस्तुतः दक्षिणेच्या समुद्रात वेग हाच मोठा आसरा ठरतो. तेथे कमी दाबाची आवर्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे एकामागून एक जात असतात. आवर्ताच्या पुढच्या अंगाला वायव्येचा सलग वारा वाहतो, आणि तो नुकताच सुरू झालेला असल्यामुळे लाटांना अजून उंच व्हायला सवड मिळालेली नसते. मागच्या अंगाला वारा एकदम नैर्ऋत्येकडे फिरतो आणि जुन्या-नव्या लाटा एकमेकींवर आदळून समुद्र खवळतो. संथ नौकेला आवर्त मागून गाठते, तिच्यावरून निघून जाते, आणि तिला त्या खवळलेल्या भागात सोडून देते. दिवसाला 800 मैल जाणारी ट्रायमरान आवर्ताच्या वेगानेच चालत असल्यामुळे त्याच्या पुढच्या सपाट पाण्यात टिकून राहू शकते. दक्षिण अटलांटिकमध्ये गाठलेले असेच एक आवर्त धरून ज्वायोंची नौका सहा दिवसांच्या आत हिंदी महासागर ओलांडून प्रशांत महासागरात शिरली.

हे जमविण्यासाठी जमिनीवर एक माणूस अहोरात्र राबत होता : मार्सेल फान ट्रीस्ट हा डच हवामानतज्ज्ञ. उपग्रहांवरून येणारी हिमनगांची व वाऱ्याची माहिती पाहून तो नौकेला पुढचा बिंदू कळवी. आवर्ताच्या फार जवळ गेले तर समुद्र मोडून टाकणार, फार पुढे गेले तर वारा संपणार. मधला पट्टा अरुंद. त्या पट्ट्यात राहण्यासाठी शिडे सतत बदलावी लागतात, आणि ज्याची झोपेची पाळी आहे त्यालाही उठून यावे लागते. मागे सांगितलेल्या झोपेच्या पाळ्या प्रत्यक्षात किती वेळा मोडतात ते ह्यावरून समजावे.

उलटल्यावरचा बंदोबस्त

एवढे करूनही उलांडी मोडते, किंवा नाळ लाटेत रुतून नौका पुढच्या पुढे कोलांटते. त्या प्रसंगाचा विचार बांधणीच्या आराखड्यातच केलेला असतो. मधल्या नौकेचे पोट पडद्यांनी अनेक बंद कप्प्यांत विभागलेले असते, म्हणून पालथी झाल्यावरही ती बुडत नाही. आत हवा राहते, माणसे छताच्या अंगाला, म्हणजे आता जमिनीच्या अंगाला, गुडघाभर पाण्यात उभी राहू शकतात. बाहेर पडण्यासाठी नौकेच्या कुशीत एक झडप अशा उंचीवर बसविलेली असते की नौका उलटल्यावर ती पाण्याच्या पातळीवर राहावी. पाण्यात ऊब राखणारे जाड पोशाख, संकेत पाठविणारे यंत्र, काही अन्न व गोडे पाणी ही सामग्री त्या झडपेच्या हाताशी बांधून ठेवतात, आणि ती अंधारात, उलट्या दिशेने, नुसत्या स्पर्शाने सापडावी म्हणून प्रत्येक जण निघण्यापूर्वी तिच्या जागा पाठ करतो. 2008 मध्ये ‘ग्रुपामा 3’ उलटली तेव्हा दहाही जण हेलिकॉप्टर येईपर्यंत तिच्या पालथ्या देहाच्या आश्रयाने राहिले आणि सुखरूप सुटले. तीच नौका दोन वर्षांनी पृथ्वीला फेरी घालून आली.

विमानातून शोधणाऱ्यांना पांढऱ्या फेसाळ समुद्रात एवढीशी पाठ सहज दिसत नाही. त्याकरिता समुद्री शर्यतींच्या सुरक्षानियमांत एक कलम आहे : अनेक कायांच्या प्रत्येक नौकेच्या खालच्या अंगावर, जो भाग ती सरळ चालत असताना पाण्याखाली किंवा सावलीत दडलेला असतो तेथे, किमान एक चौरस मीटर जागा ठळक भडक रंगाने रंगविलेली असलीच पाहिजे.